वळणावरचा दिवा

दिवा जरा जवळ ओढा आणि ऐका. ही गोष्ट एका वायरमनची आहे. रस्त्यावरचे दिवे नीट जळतात की नाही हे बघणं त्याचं काम, आणि मनातून त्याचा राग त्याच दिव्यांवर. कारण गड्याला तारे बघायचा नाद होता. शिडीवर चढला की बल्ब राहायचा बाजूला, हा आधी मान वर करून बघायचा. म्हणून खात्यातले लोक त्याला चांदोबा म्हणत.

पण शहरात बघायला उरलं होतं काय? गच्चीवरून चंद्र दिसायचा, दोन-चार ठळक तारे दिसायचे, आणि बाकी सगळं आभाळ नीट न पुसलेल्या पाटीसारखं राखाडी.

"माझ्या हातांनी लावलेल्या दिव्यांनीच माझे तारे खाल्ले. आपणच आपल्या पायावर धोंडा मारून घेतला," तो बायकोला म्हणायचा.

"त्या धोंड्याचा पगार येतो ना घरी? मग गप्प बसा," बायको म्हणायची.

घरात सासरेही राहत. तेही याच खात्यातले, निवृत्त झालेले. त्यांनी याला आधी काम शिकवलं आणि मग मुलगी दिली, त्यामुळे जावई म्हणून अहोजाहो करायचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. डोळ्यांना आता धड दिसत नव्हतं, पण संध्याकाळ झाली की त्यांचा प्रश्न ठरलेला.

"वळणावरचा लागला का रे?"

हे वळण शहराबाहेर, धरणाच्या तलावापाशी. धरण झालं तेव्हा जुना रस्ता बुडाला आणि नवा रस्ता काठाकाठाने डावीकडे नेला. जुना रस्ता मात्र तसाच सरळ उतरत पाण्यात शिरतो. अंधारात कुठला कोणता ते कळत नाही. म्हणून तिथे एक खांब आणि त्याच्यावर एक दिवा. बाकी शहर अंधारात गेलं तरी चालेल, हा विझता कामा नये, असं सासऱ्यांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. त्यानेही तो कधी विझू दिला नव्हता.

त्या वर्षी धूमकेतू आला. दिवस मावळला की पश्चिमेला जरा वेळ दिसायचा आणि डोंगराआड जायचा. चांदोबाने गच्चीवरून डोळे फाडून पाहिलं, पण शहराच्या उजेडात धूमकेतू कुठला दिसायला! एकदा मावळून लांब गेला की तो पुन्हा बघायला आपण काही असणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. शेवटी एका संध्याकाळी त्याने दुर्बीण स्कूटरला बांधली आणि घरी ठोकून दिलं, "वळणावरच्या दिव्याची तक्रार आहे, बघून येतो."

"जा, जा," सासरे म्हणाले. "तू आहेस म्हणून मी निवांत झोपतो."

हे ऐकून त्याचे कान गरम झाले, पण तो निघाला.

तलावावर पोचला तेव्हा उजेड सरत आला होता. काठाच्या चिखलाचा आणि शेवाळाचा ओलसर वास येत होता. माणूसबिणूस कुणी नाही. हळूहळू एकेक करत तारे निघाले, आणि मग एकेकाचा हिशोबच राहिला नाही. त्याला गलबलून आलं. इतकी वर्षं हे सगळं आपल्या डोक्यावर होतं आणि आपण दिवे लावत बसलो, असं वाटलं.

अडचण एकच होती. नेमका पश्चिमेला, डोळ्यासमोर, वळणावरचा दिवा ढणढणत होता.

पाचच मिनिटं, तो स्वतःशी म्हणाला. इकडेतिकडे पाहिलं, खांबाची पेटी उघडली, फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

अंधार असा आला की त्याला स्वतःचे हात दिसेनात. ताऱ्यांच्या नादी लागलेल्या माणसांची एक शिस्त असते. डोळे अंधाराला सरावायला बराच वेळ लागतो, आणि एकदा का बॅटरी पेटवली की सगळं मुळापासून परत. म्हणून काही झालं तरी दिवा लावायचा नाही. त्याची बॅटरी स्कूटरच्या डिकीत होती. तो चाचपडत दुर्बिणीपाशी आला, डोळा लावून वाट बघत राहिला, आणि डोंगराच्या जरा वर त्याला तो सापडला. पुसट, शेपटी वर उडालेली. श्वास रोखून तो बघत राहिला.

मागे डांबरावर पावलं वाजली. सावकाश. कुणीतरी पाय ओढत येत होतं.

"दादा..."

बाईचा आवाज. दमलेला, पण शांत.

"दादा, इथे दिवा असायचा ना?"

त्याचा हात आपसूक खिशावर गेला. खरं सांगायचं तर फ्यूज दाखवावा लागणार. सरकारी दिवा, आणि विझवणारा त्याच खात्याचा माणूस.

"लाईट गेलीये," तो म्हणाला. डोळा दुर्बिणीवरून काढला नाही.

"मला दिव्यापाशी वळायचं असतं... पुढे आहे का अजून?"

धूमकेतू डोंगराला टेकत आला होता. ती कुठे उभी आहे, तिचं तोंड कुणीकडे आहे, काही न बघता तोंडाला येईल ते तो बोलून गेला.

"सरळ जा. सरळच."

"बरं," ती म्हणाली.

पावलं त्याच्या शेजारून पुढे गेली. डांबरावरून खडीवर, खडीवरून चिखलात. मग पाणी हललं. पडल्याचा आवाज नाही, ओरडणं नाही. एक पाऊल, दुसरं पाऊल, जरा खोल, आणखी खोल. वाटेत ती कुठे थबकलीसुद्धा नाही. त्याने सांगितलं होतं, आणि ती जात होती.

त्याला सगळं कळलं. आणि कळल्यावरही त्याने आणखी एकदा दुर्बिणीला डोळा लावला. कारण धूमकेतूची फक्त शेपटी डोंगराच्या वर उरली होती, आणि ती बुडेपर्यंत त्याने पाहिली. इतर सगळ्याला तो सबबी शोधू शकला, पण या एका क्षणाला त्याला पुढे कधीच सबब सापडली नाही.

मग तो धावला. "बाई... अहो बाई... थांबा..." पेटी सापडेना, फ्यूज बसेना. अखेर दिवा लागला. पाणी स्वच्छ दिसत होतं, साधा तरंगसुद्धा नव्हता. तो गुडघाभर आत शिरला, हाका मारल्या. काठच्या चिखलात पावलं होती, ती त्याच्या एकट्याच्या चपलांची.

कुणी नव्हतंच, असं त्याने स्वतःला बजावलं आणि सामान आवरलं. चौकीत जाऊन सांगावं असं वाटलं. पण मग दिवा का विझला होता, हेही आलं असतं. तो सरळ घरी गेला.

"लागला का रे?" सासऱ्यांनी अंथरुणातून विचारलं.

"लागला, बाबा."

"शाब्बास."

त्या एका शब्दाने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जेवण गेलं नाही. बायकोने कपाळाला हात लावून पाहिला, तर त्याने तो झटकला, आणि मग त्याचीही लाज वाटली.

पुढे त्याने गुपचूप चौकशा केल्या. आसपासच्या वस्त्यांमधून कुणी बाई हरवली नव्हती, तलावात काही सापडलं नव्हतं. सुटलो म्हणायला हवं होतं. त्याला ते म्हणवेना. दिवसभर दिवे दुरुस्त करायचा आणि काळोख पडायच्या आत घर गाठायचा. दुर्बीण माळ्यावर टाकली. घरातला दिवा मालवू देईना, म्हणून बायको वैतागली. "आता कुठे गेले तुमचे तारे?" ती म्हणायची.

मग एका संध्याकाळी वीजघरात बिघाड झाला आणि अख्ख्या शहराची लाईट गेली. गल्लीतली माणसं गच्च्यांवर आली. आभाळ तुडुंब भरलं होतं. कुणी बोट दाखवतंय, कुणी पोराला खांद्यावर घेतंय.

"अहो, वर या ना," गच्चीवरून बायकोने हाक मारली. "तुमचं आभाळ आलंय बघा."

तो खालच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसला होता. काडेपेटी हातात होती, काडी पेटत नव्हती. पलीकडे खाटेवर सासरे पडलेले. खोलीत ओल्या चिखलाचा वास येऊ लागला.

"दादा..."

आवाज फार लांबून येत होता. त्याला वाटलं, फरशीच्याही खालून.

"दादा, सरळच चाललेय... अजून किती लांब?"

त्याच्या हातातून काडी गळाली. एवढंच म्हणायचं होतं, मागे फिरा. दोन शब्द. त्या दोन शब्दांत तिची सुटका होती, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण मागे फिरली तर ती कुणाकडे येणार, हेही दिसत होतं. त्याने दातांवर दात दाबले.

"कोण विचारतंय रे?" सासरे अंधारातून म्हणाले.

म्हणजे त्यांनाही ऐकू आलं होतं.

"कुणी नाही, बाबा."

"कुणी नाही कसं? वाट विचारतेय ती. सांग की तिला."

त्याने तोंडावर हात दाबून धरला. गच्चीवर लोक हसत होते.

"बरं," लांबून ती म्हणाली. तक्रार नव्हती त्या आवाजात, आणि तेच त्याला सोसवेना. "सरळच जाते मग... मागून येताहेत त्यांनाही तेच सांगते."

नंतर पाण्यात पावलं पडू लागली. आधी तिची. तिच्यामागे दुसरी कुणाची. मग एकात एक मिसळून इतकी, की वेगळी ओळखू येईनात. त्यांत जड पावलं होती, म्हाताऱ्यांची होती, काही अगदी लहान, भराभर टाकलेली.

सासरे खाटेवर उठून बसले. मान कलती करून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती माणसं रे ही," ते हळूच म्हणाले. "त्या वाटेने... कुणी पाठवली?"

तेवढ्यात लाईट आली. गच्चीवर सगळे हळहळले. खाली सासरे त्याच्याकडे तोंड करून बसले होते, डोळे उघडे ठेवून, उत्तराची वाट बघत.