घोंगडीचा हत्ती

दिग्विजयला अख्ख्या घरात दुसरी भिंत सापडली नाही! नवरात्राच्या आधी मी स्वतः उभी राहून ओसरीला चुना मारून घेतला होता. दूध सांडावं तशी पांढरी भिंत! आणि माझ्या या धाकट्या लेकानं तिच्यावर निळ्या खडूनं करवतीसारखे डोंगर काढले, हिरव्या खडूनं जंगलं काढली, आणि मधून एक तांबडी रेघ ओढली. वर आमची येडशी, पार खाली उटी.

"भिंत आहे ही! शाळेचा फळा न्हाय!" मी म्हणाले.

"आई, टूरचा प्लॅन आहे हा! चांदोली, दांडेली, कुद्रेमुख, नागरहोळे, बंदीपूर, उटी! मी आणि बेंबळीचा रणधीर. दोन मोटारसायकली आणि सगळा सह्याद्री! दसऱ्याला निघणार, अगदी सीमोल्लंघनाच्या मुहूर्तावर!"

"आणि रानातलं सोयाबीन कोण काढणार?"

"हिंमतदादा आहे की!"

हिंमतराव माझा थोरला. तो विळा उचलून रानात गेला. त्याच्या दोन्ही पोरी, अर्पिता आणि हर्षाली, धाराशिवला शाळेत असतात. सुट्टीला आल्या होत्या. त्या पायरीवर बसून नकाशा न्याहाळत होत्या. शेजारच्या गल्लीतला धम्मपालही होता. तो गावातल्या शाळेत, पण अर्पिताच्याच इयत्तेत. सुट्टी लागली की तिघं एकत्रच हिंडतात, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही.

"काका," धम्मपाल म्हणाला, "दांडेलीहून एवढं अंतर धरलं, तर बंदीपूरला तुम्ही रात्री पोचताय."

"मग?"

"त्या जंगलातला रस्ता रात्री बंद असतो. वाचलंय मी."

"अरे, आपल्याला कोण अडवतंय!" दिग्विजय छाती फुगवून म्हणाला.

"हत्ती!" हर्षाली म्हणाली. ती पाचवीत आहे, पण जीभ माझी घेतली आहे.

सगळे हसले. दिग्विजय सोडून!

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. नांगराचा फाळ, विळे, खुरपी, कुऱ्हाड, सगळं लोखंड धुवायचं, कोरडं करायचं, त्यावर करडीच्या तेलाचं फडकं फिरवायचं म्हणजे गंज धरत नाही, आणि मग हळद-कुंकू. ज्याची वस्तू त्यानं पुसायची, हा या घरातला नियम मी घातलाय. हिंमतरावानं नांगर पुसला, मी अडकित्ता पुसला. दिग्विजय गोठ्यात आपल्या गाडीपाशी बसला होता. त्यानं फोन पेंडीच्या पोत्याला टेकवला होता आणि त्याच्याकडं बघून बडबडत बडबडत आपलं काम उरकत होता.

"काका, कोणाशी बोलताय?" हर्षालीनं विचारलं.

"व्हिडिओ करतोय! मधे येऊ नको!"

पूजेसाठी सगळं अंगणात मांडलं. दिग्विजयनं गाडी सुरू केली, धडधडत गोठ्याबाहेर आणली, आणि...

"काका, कोंबड्या!" अर्पिता ओरडली.

गाडी थांबलीच नाही! सरळ कोंबड्यांच्या डालग्याला जाऊन भिडली. कोंबड्या चहूकडं उडाल्या, एक तर माझ्या पूजेच्या ताटात येऊन बसली. दिग्विजयनं दोन्ही पाय खाली घासत कशीबशी गाडी उभी केली.

"काही नाही, काही नाही! परवा राजशेखर मेकॅनिककडं ब्रेकला नवे पॅड बसवलेत. नवे पॅड बसायला जरा वेळ लागतो!"

पूजा झाली, गाडीला झेंडूचा हार घातला, दिग्विजय जेवायला बसला. अर्पिता मात्र गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसून राहिली.

"धम्मा, इकडं बघ. ही चकती."

चाकाला लोखंडाची एक चकचकीत चकती असते. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्हीकडून चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. त्या चकतीवर झेंडूची एक पाकळी चिकटली होती. आणि गोठ्यातली सगळी धूळ!

"पाकळी चिकटेलच कशी?" धम्मपाल म्हणाला. "चकती तर कोरडीठाक असते. बाबांच्या गाडीची रोज बघतो मी."

अर्पितानं पाकळी ओढून काढली आणि बोटं नाकाशी नेली. तिचे डोळे मोठे झाले.

"घे, तू वास घे!"

"अरे! चटणीवर घेतो तसला! करडीचं तेल!"

"मागच्या चकतीलाही आहे!" हर्षाली पलीकडून ओरडली.

तिघं धावत ओसरीवर गेली. दिग्विजय पुरणपोळीचा घास तोंडात धरून ऐकत होता. घास गिळला आणि उखडला.

"माझ्या गाडीला हात लावलात? ब्रेकवर तेल कुठून येईल? आलंच असेल तर तुम्हीच काहीतरी चाळा केला असणार! नाहीतर त्या राजशेखरनं! खबरदार, पुन्हा गोठ्यात दिसलात तर!"

"पण काका, उद्या तुम्ही येडशीचा घाट उतरणार ना?"

"उतरणार म्हणजे उतरणार! रणधीर संध्याकाळी मुक्कामाला येतोय."

मी चुलीपाशी कणीक मळत होते. तिघं आत आली तेव्हा अर्पिताच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आजी, आम्ही काहीच केलं नाही गं. शप्पथ! पण ते तेल खरंच आहे. उतारावर गाडी थांबली नाही तर काका..."

माझा हात कणकेतच राहिला. घाटातली ती वळणं मला ठाऊक आहेत. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला रामलिंगाची दरी. लेक कितीही आगाऊ असला, तरी माझा आहे.

"तू किल्ली लपव आजी," हर्षाली म्हणाली.

"दुसरी आहे त्याच्याकडं. मी लपवली तर पहाटे मला न सांगता निघून जाईल. त्याला सांगून काही उपयोग न्हाय, बाळांनो. लहानपणापासून ऐकत न्हाय तो. त्याला दाखवावं लागतं."

अर्पितानं डोळे पुसले. धम्मपालकडं बघितलं. मग दोघं एकदमच म्हणाली, "हत्ती!"

"कसला हत्ती?"

"आजी, तुमची काळी घोंगडी द्याल का?" धम्मपालनं विचारलं.

मी घोंगडी दिली, पण अट घातली. गाडी पळवायची नाही, सायकलीएवढाच वेग, आणि थांबली नाही तर समोर मऊ काहीतरी पाहिजे.

"मऊच आहे," अर्पिता म्हणाली. तिनं कुठली जागा निवडली होती ते ऐकून मी इतकी हसले की परात कलंडली.

संध्याकाळ व्हायच्या आत घरामागच्या वाटेवर हत्ती उभा राहिला. कोंबड्यांचं डालगं म्हणजे पोट. त्यावर माझी घोंगडी. दोन सुपं म्हणजे कान, आणि फवारणीचा जुना पाईप म्हणजे सोंड! हत्ती कसा दिसतो ते बघायला हर्षालीनं आपल्या आईचा फोन आणला होता. मधेच ती ताईच्या कानाशी लागली आणि फोनवर काहीतरी दाखवू लागली. अर्पितानं ते बघितलं, तोंडावर हात ठेवला.

"आत्ता नाही! आधी हत्ती!"

रणधीर बेंबळीहून आपल्या गाडीवर आला. मला वाकून नमस्कार केला. "मथुराकाकू, उद्या निघतो बरं का आम्ही!"

"बघू," मी म्हणाले.

अर्पिता पुढं झाली. "रणधीरकाका, दिगूकाका, एक विचारू? बंदीपूरला अचानक हत्ती आडवा आला, तर तुम्ही काय कराल?"

"एक बोट लावलं की गाडी उभी!" दिग्विजय म्हणाला.

"दाखवा की मग! त्या लिंबाच्या झाडापासून निघायचं आणि रांगोळीच्या रेघेवर थांबायचं. व्हिडिओ काढते मी!"

व्हिडिओ म्हटल्यावर दिग्विजयचा चेहरा फुलला.

"हेल्मेट, जाकीट, गुडघ्याचे पॅड, सगळं घाला हं! उटीला निघालात असं दिसलं पाहिजे!"

बिचारा सगळं घालून आला! लिंबाचं झाड जवळच होतं, वेग घ्यायला जागाच ठेवली नव्हती पोरांनी. धम्मपाल मात्र बाजूला बांधावर चढून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन. त्या संध्याकाळी विहारात त्याच्या भाषणाची तालीम होती आणि त्यासाठी आईनं इस्त्री केलेला पांढरा शर्ट त्यानं अंगात घातला होता.

आधी रणधीर. फट् फट् फट् आला आणि रेघेवर टायर टेकवून उभा राहिला! हत्तीच्या सोंडेला वारासुद्धा लागला नाही.

"लहान पोरंही करतील हे!" दिग्विजय म्हणाला. "बघा आता!"

तो आला. रेघ आली. त्यानं एक बोट लावलं. मग दोन. मग अख्खी मूठ! मग पायानंही दाबलं!

"अगं आई गंऽऽ!"

रेघ मागं गेली. हत्ती मागं गेला. डालगं एका बाजूला, सुपं दुसऱ्या बाजूला! आणि दिग्विजय गाडीसकट, घोंगडीसकट, हत्तीच्या मागं असलेल्या आमच्या उकिरड्यात! थपाक्कन! पावसाळा नुकताच सरलेला, शेण काय मऊ होतं म्हणता! त्यातला एक शिंतोडा थेट बांधावर उडाला.

"माझा शर्ट!" धम्मपाल किंचाळला.

आम्ही सगळे धावलो. दिग्विजय उठून बसला, हेल्मेट वर केलं. खरचटलंसुद्धा नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला, आणि मग मी हसायला मोकळी झाले.

"ब्रेक!" तो ओरडला. "ब्रेक लागलाच नाही! त्या राजशेखरला आत्ता सरळ करतो! फोन द्या माझा!"

"आधी हा बघा," हर्षाली म्हणाली आणि आईचा फोन त्याच्या नाकासमोर धरला.

घरच्या ग्रुपवर त्यानंच सकाळी टाकलेला व्हिडिओ! फोनमधला दिग्विजय ऐटीत बोलत होता, "तर मित्रांनो, नागरहोळेच्या जंगलात शिरताना रायडरनं सगळ्यात जास्त काय सांभाळायचं असतं? लक्ष!" आणि बोलता बोलता त्याचा उजवा हात तेलाच्या वाटीत बुडाला, फडकं भिजलं, आणि नांगराच्या फाळावर फिरवावं तसं चकतीवर गोल गोल फिरू लागलं. पुढच्या. मग मागच्या. इतकी वर्षं खंडेनवमीला लोखंड दिसलं की तेल लावायची हाताला सवय. डोळे फोनवर, हात तेलात!

रणधीर पोट धरून उकिरड्याच्या कडेलाच बसला. हसता हसताच त्याला काहीतरी आठवलं.

"दिग्या... उद्या पहिला उतार आपल्या घाटाचाच होता रे. तू पुढं असणार होतास."

दिग्विजयचा शेणानं माखलेला चेहरा पांढरा पडला. त्यानं व्हिडिओ पुन्हा बघितला. मग पोरांकडं बघितलं.

"मी तुमच्यावरच आळ घेतला," तो हळूच म्हणाला. "चुकलं माझं."

"राजशेखरकाकांवर पण घेतला," अर्पिता म्हणाली.

त्यानं राजशेखरला फोन लावला, पण आता आवाज वेगळाच होता! पलीकडून उत्तर सगळ्यांना ऐकू आलं. "पॅडनी तेल प्यालंय भाऊ, धुऊन भागायचं न्हाय, बदलावेच लागतील. पण आज माझे पाने-पक्कड पूजेत बसलेत. हात लावणार न्हाय. दसरा होऊ द्या!"

म्हणून दसऱ्याला दिग्विजयनं सीमोल्लंघन केलं ते अर्पिताच्या सायकलवर! शिवेपर्यंत गुडघे हॅन्डलला आपटत गेला आणि आपट्याची पानं घेऊन आला. गावानं टाळ्या वाजवल्या. पहिलं सोनं त्यानं तिन्ही पोरांच्या हातात दिलं. धम्मपाल विहारातून नव्या शर्टात आला होता. तो शर्ट दिग्विजयनं घेतलेला.

पॅड बदलून झाले, चकत्या साबणानं घासून निघाल्या. पोरांनी माझ्या भिंतीवरची तांबडी रेघ पुसून नवी काढली. मुक्काम वाढवले, बंदीपूर भर दिवसा आणलं. रानातून आलेला हिंमतराव भिंतीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हा प्लॅन कळतो बुवा. ह्यानं जाणारा माणूस परतही येईल." पोरींच्या डोक्यावर हात फिरवला, धम्मपालची पाठ थोपटली. हिंमतराव वर्षातून एवढंच बोलतो. तिघं आभाळात पोचली!

निघायच्या सकाळी दोन्ही गाड्या अंगणात उभ्या होत्या. पोरांनी पुन्हा रेघ मारली, दोघांकडून तिच्यावर गाडी थांबवून घेतली, आणि मगच फाटक उघडलं. दिग्विजय माझ्या पाया पडला, तसाच वाकून थांबला. मी काय म्हणते याची वाट बघत होता.

मी त्याला उठवलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "दिग्या, तू आळशी न्हाईस आणि वाईटबी न्हाईस. तुला स्वतःचं बोलणं लई गोड लागतं, एवढंच. ते ऐकत बसतोस आणि तुझे हात काय करतात ते तुलाच कळत न्हाय. या तीन पोरांना कळलं म्हणून तू आज माझ्यासमोर उभा आहेस. जा आता, नीट जा. आणि तोंड मिटून गाडी चालव!"