झाकून ठेवणारी

काम साधे होते. आर्डिसकाकूंच्या घरी जायचे, कोठीच्या दाराभोवतीचे माग तपासायचे आणि अंधार पडण्यापूर्वी ठरवायचे, की त्या सिंहिणीला मारण्याची परवानगी द्यायची की नाही. वन्यजीव खात्यात हे ठरवणारे पशुवैद्य थोडे आहेत आणि त्यांतली या दरीत जन्मलेली मी एकटीच, म्हणून ते माझ्याकडे आले. मी पाहिले तेवढेच सांगणार आहे. त्याचा अर्थ मला लावता आला असता तर मी हे अहवालात लिहिले असते, तुमच्यापुढे दिवा लावून सांगत बसले नसते.

मोंटानातल्या आमच्या डोंगरांतला सिंह आयाळीचा नाही आणि डरकाळीचाही नाही. पिंगट, लांब शेपटीचा, अत्यंत अबोल प्राणी आहे तो. त्याच्या शेजारी आयुष्य काढावे आणि तो एकदाही दिसू नये, हे इथे नेहमीचेच. दिसते ते त्याचे काम. तो हरीण मारतो, पोटापुरते खातो, आणि उरलेले पालापाचोळा, बर्फ, झाडांच्या सुया चारी बाजूंनी ओढून नीट झाकून ठेवतो. जे झाकले, त्याच्याकडे तो परत येतो.

नोव्हेंबरच्या अखेरीस आर्डिसकाकूंचे यजमान ऑर्विलकाका सरपणासाठी वर रानात गेले ते परतले नाहीत. शोधायला निघालेल्या शेजारच्या वेंडेलच्या कुत्र्यांना ते तिसऱ्या दिवशी सापडले. एका लार्चखाली, डोक्यापासून पायांपर्यंत पिवळ्या सुयांनी झाकलेले. लार्च शरदात पिवळा पडतो आणि हिवाळ्याआधी सगळ्या सुया गाळतो; त्या बर्फाखालून उकरून कुणीतरी त्यांच्यावर घातल्या होत्या. भोवती एका सिंहिणीचे माग होते. देहावर मात्र दाताची एकही खूण नव्हती. हृदय बंद पडले, असे डॉक्टरांनी सांगितले, आणि ते खरे असणार.

आपल्याच कुरणाच्या कडेला आपल्याला पुरावे, अशी ऑर्विलकाकांची इच्छा होती. पण डिसेंबर लागला की इथली जमीन लोखंड होते, कुदळ आदळून हातात परत येते. तेव्हा जुन्या रीतीप्रमाणे पेटीला खिळे ठोकून ती कोठीत ठेवली. ही कोठी म्हणजे टेकडीच्या पोटात खणलेली बटाट्यांची खोली. तिला बाहेरून अडसर लागणारे तिरपे दार. जमीन मऊ होईपर्यंत थांबायचे, एवढेच. यात आमच्याकडे कुणाला वावगे वाटत नाही. माझी आजीही एप्रिलपर्यंत अशीच थांबली होती.

चूक झाली ती त्याआधी. देह खाली आणला तो घसरगाडीवर, बर्फातून ओढत. सिंहाने झाकलेले हरीण ओढत घरापर्यंत आणू नये, हे या दरीत कुणाला शिकवावे लागत नाही. तो माग धरून पाठोपाठ येतो. वेंडेलने तर सगळी हयात शिकारी कुत्री घेऊन सिंहांच्या मागे काढली आहे. पण आपला ऑर्विल म्हणजे कुणीतरी झाकून ठेवलेली वस्तू आहे, हे त्या दिवशी कोणाच्या मनात येणार? गाडी ओढल्याची खूण रानातून थेट कोठीपर्यंत उमटली. दुसऱ्या सकाळी कोठीचे दार सुयांनी झाकलेले सापडले. मग रोजच.

अग्निशमन केंद्राच्या सभागृहात सभा भरली. तिथे मी गेले होते.

"शहरातले लोक सिंहाचे फोटो भिंतीवर लावतात," एक मेंढपाळ म्हणाला. "मी मेलेल्या मेंढ्यांचे लावू?"

"लाव की! तुझ्या बायकोच्या फोटोपेक्षा बरे दिसतील," मागून कोणी तरी बोलले. बायको शेजारीच बसली होती. तिने मागे न पाहताच टोपी फेकून मारली आणि सभा हसली.

शाळेतल्या बाई उठून म्हणाल्या, की जाणता सिंह मारला तर त्याच्या जागेवर अडाणी तरुण सिंह येतात आणि मेंढ्या जास्तच जातात. हे बरोबर आहे, पुरावा आहे. पण मेंढपाळ म्हणाला, "बाई, ही मेंढ्यांकडे बघतच नाही. ही माणसासाठी आलीय."

मी पोचले तेव्हा दुपार होती, पण उजेड राखेच्या रंगाचा. वेंडेल गाडी लावून आधीच थांबला होता. कोठीच्या दारावर सुयांचा गुडघाभर थर होता. वरचा ओला, खालचा गोठलेला. ओरखडे सगळे बाहेरून दाराकडे येणारे, पंजाला चार नखे, एकाच मादीचे. राळेचा उग्र, गोडसर वास सुटला होता. पलीकडे स्प्रूसच्या बुंध्याशी बर्फात तिची बसण्याची जागा खोलगट, गुळगुळीत झाली होती. जे झाकले त्याच्यापासून सिंह सहसा दूर जाऊन विसावतो. ही दाराकडे तोंड करून बसत होती.

"ये गं मॅरेन," काकूंनी दार उघडले. "बूट राहू देत, फरशी गार आहे. वेंडेल, तू काढ मेल्या. तुझ्या बुटांना कुत्र्यांचा वास येतो."

"काकू, कुत्री म्हणतात त्यांना माझा येतो."

त्यांनी कॉफी ओतली, लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, तव्यावरून काढून लोणी लावले. हात स्थिर होते. बोलणे सुसंगत होते. हे मी मुद्दाम पाहत होते.

"ती कशाला येते, सांग बघू," त्या म्हणाल्या. "शिकलीस ना एवढी."

"आपलं म्हणून ठेवलेलं खायला, काकू."

"मग वर रानात का नाही खाल्लं? तेव्हा पेटी नव्हती, खिळे नव्हते."

"माणसाच्या वासाला सिंह बिचकतात. अशी उदाहरणं आहेत."

"असतील." त्या लेफ्से गुंडाळत राहिल्या. "ती सुया घालून गेली ना, की मग तो गप्प होतो..."

"कोण?"

"साखर घालू का तुझ्या लेफ्सेवर?"

बाहेर आल्यावर वेंडेलने आवाज खाली आणला. "ऐकलंत ना, डॉक्टरीणबाई? म्हातारी हिंडते-फिरते, सरपण आणते, कोंबड्यांना दाणे टाकते. एक दिवस ती सिंहीण आणि ही समोरासमोर येणार. माझी ती लहानपणापासूनची शेजारीण आहे. सही करा."

मी सही केली. कारणे स्पष्ट होती आणि आजही ती मला चुकीची वाटत नाहीत. घराची भीती उरलेली नसलेले जनावर आणि एकटी राहणारी वृद्ध बाई, यांत मला बाई वाचवायची होती. काकूंना मी स्वतः सांगितले. त्या भांडल्या नाहीत. खिडकीतून कोठीकडे पाहत म्हणाल्या, "मग आज इथेच राहा. मला एकटीला जमायचं नाही."

काय जमायचे नाही, हे मी विचारले नाही. सोबत हवी असेल, असे मी धरले.

कुत्र्यांना फार धावावे लागले नाही. सिंहीण पळालीच नाही म्हटले तरी चालेल. जवळच्याच झाडावर चढली आणि कुत्र्यांकडे न पाहता मान वळवून कोठीकडे पाहत राहिली. वेंडेलने एका गोळीत काम संपवले.

मी तिला तपासले. वय मध्यम, रोग नाही, जखम नाही. पोट रिकामे. नुसते रिकामे नव्हे, आकसलेले. फासळ्या हाताला लागत होत्या. ज्या दरीत हरणे कुंपणाला खेटून उभी असतात, तिथे ही धडधाकट सिंहीण उपाशी राहिली होती. आणि पुढच्या पंजांची नखे मुळापर्यंत झिजलेली, गाद्या फाटून रक्त गोठलेले. दिवसातून एकदा दार झाकून एवढे होत नाही. रात्रभर, पुन्हा पुन्हा, कुणी ते उधळून लावत असेल तर होईल. हा विचार मनात आला, हे मी नाकारत नाही. मी तो नोंदवला नाही.

परतले तेव्हा सांज होत होती. कोठीपाशी खरखर ऐकू येत होती. काकू दाताळ्याने बर्फाखालच्या सुया ओढून दारावर घालत होत्या. डोक्याला रुमाल नाही, हातमोजे नाहीत.

"काकू! काय करताय?"

"थोडंच राहिलंय... निदान बिजागऱ्यांपर्यंत..."

"ती गेली काकू. आता कुणी येणार नाही."

"तेच तर म्हणते मी," त्या धापा टाकत म्हणाल्या. "आता कोण येणार?"

मी त्यांच्या हातून दाताळे काढून घेतले. बोटे बर्फासारखी होती. त्यांना घरात आणले, पाय गरम पाण्यात ठेवले, दूध दिले, पलंगावर निजवले. त्यांनी विरोध केला नाही, फक्त त्या एकदा म्हणाल्या, "तो बिचारा वाईट नव्हता गं. पण एकटं झोपायची सवय नाही त्याला." पन्नास वर्षांहून मोठा संसार झालेल्या बाईने म्हणावे, असेच ते वाक्य होते. मी दिवा मालवला, मागचे-पुढचे दार आतून लावले, आणि बाहेरच्या खोलीत कोचावर आडवी झाले. उजाडेपर्यंत मला काहीही ऐकू आले नाही. हे मी ठासून सांगते, कारण माझी झोप सावध असते.

सकाळी वेंडेलच्या गाडीच्या आवाजाने जाग आली. तो सिंहिणीचे कातडे नोंदणीसाठी न्यायला आला होता. मी बाहेर गेले तेव्हा तो कोठीसमोर उभा होता, टोपी हातात.

दार बंदच, पण पार बोडके होते. सुयांचा, गोठलेल्या बर्फाचा सगळा थर दोन्ही बाजूंना पंख्यासारखा पसरला होता. पार कुंपणापर्यंत. अडसर जागच्या जागी, बाहेरून घातलेला. बर्फावर रात्रीत पातळ कवच धरले होते, आणि त्या कवचावर एकही पाऊल नव्हते. ना माणसाचे, ना जनावराचे.

"वारा..." वेंडेल म्हणाला.

"असेल," मी म्हणाले. धुराड्यातून धूर सरळ रेषेत वर चालला होता.

"काकू उठली?"

"झोपू दे. तू पेटी बघून घे. मी त्यांना चहा नेते."

त्याने माझ्याकडे पाहिले. त्या माणसाने सिंहांच्या गुहांत डोके घातलेले मी पाहिले आहे. "जातो," तो म्हणाला, आणि अडसराला हात घालायला त्याने बराच वेळ लावला.

मी घरात आले. मागचे दार आतून लावलेलेच होते. मी ते हलवून पाहिले. स्वयंपाकघर जसेच्या तसे. पण राळेचा वास घरात होता. आदल्या दिवशी कोठीपाशी होता तोच, आणि त्याखाली मातीचा, अंधारात साठवलेल्या बटाट्यांचा. मी काकूंच्या खोलीचे दार ढकलले.

खोलीच्या फरशीवर एकही सुई सांडलेली नव्हती. सगळ्या पलंगावर होत्या. पिवळ्या, दाट, कडांना नीट दाबून बसवलेल्या, पायथ्यापासून उशीपर्यंत. काकूंचा फक्त चेहरा उघडा होता. डोळे उघडे होते.

मी पुढे होऊन कडेच्या सुयांवर हात ठेवला. बर्फाखालून उकरलेल्या सुया ओल्या आणि गार असायला हव्यात. या कोरड्या होत्या, आणि उबदार, अंगाखालच्या अंथरुणासारख्या.

"काकू, हलू नका. मी काढते सगळं. मग आपण शहरात जाऊ, माझ्याकडे..."

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून. अगदी थोडी, जेणेकरून गादी हलू नये.

बाहेरून वेंडेलचा आवाज आला. त्यात सुटका होती, जवळजवळ हसू होते. "पेटी आहे, डॉक्टरीणबाई! जागच्या जागी! खिळेसुद्धा शाबूत आहेत!"

तो पलंग दोघांचा होता. खिडकीकडची, पलीकडची बाजूही तितकीच उंच झाकलेली होती. तिथे उशीदेखील सुयांखाली होती. काकूंनी श्वास रोखून धरला होता, तेव्हा त्यांच्या छातीवरच्या सुया स्थिर होत्या. पलीकडच्या ढिगावरच्या मात्र हळूहळू वर येत होत्या, आणि खाली जात होत्या.

"ओरडू नको म्हणावं वेंडेलला," काकू ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "आत्ता कुठे याचा डोळा लागलाय..."