चौथ्या खाटेची घंटी

चाळीस दिवस कुणावर आवाज चढवायचा नाही, असा नवस वहिनीने केला होता. धाकट्या नणंदेची नोकरी वाचावी, एवढंच मागणं. एकतिसाव्या दिवशी, टळटळीत दुपारी, तो मोडला.

नणंद इस्पितळातल्या तारांचं जाळं सांभाळायची. खाटेवरचं बटण दाबलं की सिस्टरच्या टेबलावर त्या खाटेचं नाव उमटायचं. तिच्या साहेबांनी यंत्रातलं तारा जोडायचं एक जादा कार्ड स्वतःच्या केबिनसाठी उपटलं. यंत्र पोर्टांना, म्हणजे तारा खोचायच्या खाचांना, ओळीने मोजून ओळखायचं, त्यामुळे पुढची सगळी नावं एका घराने सरकली. चौथ्या खाटेवरचे आजोबा बटण दाबत राहिले. सिस्टर तिसऱ्या खाटेकडे धावत राहिली. आजोबा गेले.

"पोर्टाला जागेवरून नाव द्या, मोजणीवरून नको, असं मी शंभरदा सांगितलं होतं," नणंद म्हणाली. समोर साहेबांनी तिच्या नावाने तयार केलेला कबुलीजबाब होता : नावं मी चुकीची लिहिली. फक्त तिची सही बाकी होती. सोबतीला आलेली वहिनी नवस आठवत दात आवळून बसली होती.

शेजारी टेबलावर तेच उपटलेलं कार्ड पडलं होतं, ना तार, ना वीज.

"वहिनी... इकडे बघ." नणंदेने पडद्याकडे बोट केलं. "या यादीत यंत्रात आत्ता खरंच आहे तेवढंच दिसतं. हे कार्ड दिसायलाच नको."

पडद्यावर ते होतं. चालू. एरवी कोऱ्या असलेल्या रकान्यात नाव होतं : चौथी खाट.

"तू लिहिलंस?"

"नाही गं..."

टेबलावरच्या कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकला. थांबला. पुन्हा. कुणीतरी बटण दाबत असावं तसा.

साहेब आत आले. "झाली का सही? आणि पडद्यावर हा काय कचरा? पुसा तो." त्यांनी स्वतःच पुसला. ओळ परत आली.

"कचरा?" वहिनी कडाडली. "माणूस हाका मारून मेला, तो कचरा? कार्ड तुम्ही उपटलंत आणि नाक वर करून हिच्या माथी मारताय? लाज कुठे गहाण टाकलीत? लावा हात त्या कार्डाला!"

साहेबांनी तोऱ्यात बोट लावलं, आणि ते पांढरेफटक पडले. "बोट... धरलंय..."

"खरं लिहा, मग सोडेल."

त्यांनी डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं : कार्ड मी काढलं. चूक माझी.

बोट सुटलं, दिवा विझला. नणंद हुंदका देऊन खाली बसली.

तेवढ्यात वॉर्डातून फोन. "चौथ्या खाटेची घंटी थांबत नाहीये... खाट तर रिकामी आहे."

नणंदेचा हात ती लाइन बंद करायला गेला. वहिनीने तो धरला आणि स्वतः वॉर्डात गेली. चादर घडी घातलेली. ती उशाशी वाकली. "आले हं, आजोबा. फार उशीर केला आम्ही."

घंटी थांबली. बटणावर अंगठ्याचा ओला ठसा होता. पुसला तरी पुन्हा ओला होत होता.

म्हणून वहिनी आजही हात जोडून सांगते, रिकाम्या खाटेवरून कधी घंटी आली तर ती बंद करू नका. तुम्हीही एकदा उठून जा, आणि 'आले' म्हणा.