बत्तिसावी कळ

त्या इस्पितळात प्रत्येक खाटेखाली एक यंत्र होतं, यंत्रात एक संख्या आणि संख्येत बत्तीस कळा. कळ म्हणजे बिट. पेटली तर हो, विझली तर नाही, मधलं काही नाही. नुसती संख्या बघून डॉक्टरला काय कप्पाळ कळणार? म्हणून मृणाल टिपणीसनं सी भाषेत कोड लिहिला होता: पेटलेल्या कळांची नावं पडद्यावर छापायची. ताप. धाप. रक्त हवं.

बत्तिसावी कळ कशालाच दिलेली नव्हती. असल्या कळेला प्रोग्रामर 'राखीव' म्हणून मोकळे होतात आणि छापताना गाळतात. मृणालनंही गाळली. यंत्र मात्र शिकणारं. रिकामी जागा दिसली, तशी त्यानं ती स्वतःच वापरायला घेतली. जुन्या नोंदी तपासताना मृणालला एक गोष्ट दिसली. ज्यांची ती कळ पेटली होती, त्यांतले दहातले नऊ मेले होते.

आणि आज ती जुबेदा मुलाणीच्या खाटेखाली पेटली होती.

जुबेदाचा नवरा इस्माईल टेम्पो सोडून बायकोच्या उशाशी बसून होता. मृणालला राहवलं नाही. तिनं त्याला बाहेर नेऊन सगळं सांगितलं. हा यंत्राचा नुसता अंदाज आहे, दहातला एक घरी जातो, हेही सांगितलं.

"आत दिवा पेटलाय आणि तुम्ही वर फडकं टाकलंय मॅडम. नाव छापा."

"नावात 'बहुतेक' मावत नाही, इस्माईलभाई. कळ हो म्हणते, नाहीतर नाही."

"मग म्हणते तेच छापा. आम्हाला आंधळं कशाला ठेवता?"

मृणालच्या साहेबांनी 'विशेष निरीक्षण' असं गुळमुळीत नाव सुचवलं. मृणालचं डोकं फिरलं. लोकांशी खोटं तरी किती बोलायचं? तिनं कोडमध्ये ओळ घातली: 'वाचणार नाही'.

यंत्रानं काहीच केलं नाही. केलं ते माणसांनी. डॉक्टर पायथ्यावरूनच पुढे जाऊ लागले. जुबेदाच्या बहिणीनं पेज आणणं थांबवलं. उशाशी बसलेला इस्माईलसुद्धा उठला आणि कब्रस्तानात जागा बघायला गेला. यांत दुष्ट कुणीच नव्हतं. सगळ्यांना वाचता येत होतं, एवढंच.

दोन दिवसांनी मृणाल वॉर्डात आली. जुबेदाच्या पडद्यावर ते नाव नव्हतं. यंत्राचा अंदाज बदलला होता, त्यानं कळ आपणहून विझवली होती. सलाइनची बाटली मात्र कोरडी ठणठणीत. इकडे कुणी बघितलं का, असं तिनं सिस्टरला विचारलं.

"त्या खाटेचं आता काय बघायचं मॅडम? परवाच वाचलं की आम्ही."

जुबेदाचे ओठ हलत होते. मृणालनं वाकून कान लावला. ती पाणी मागत होती. कधीपासून, कुणास ठाऊक.