बोट संपतं तिथे पान

दोघांचे हात एकाच ताण्यात शिरले आणि एकाच धाग्यावर अडकले, तेव्हा लीस्केन म्हणाली, "हात काढ. हे पान आहे."

"बोट आहे," मागावर नव्याने रुजू झालेला योस्ट म्हणाला. "अजून नखसुद्धा यायचंय."

औडेनार्डे गावात चित्रांचे पडदे विणणाऱ्यांचा नियमच होता: पानं विणणाऱ्याने कातडीला हात लावायचा नाही, कातडी विणणाऱ्याने पानाला. एरवी कुणाचं अडत नसे. पण यंदा एका लोकरीच्या व्यापाऱ्याला भिंतीवरच्या पडद्यात जुन्या लॅटिन काव्यातली गोष्ट हवी होती. देव मुलीच्या मागे धावतो, ती पळते, हाती लागणार एवढ्यात तिचं झाड होतं. बोटांना पानं फुटतात. बोट नेमकं कुठे संपतं, हे कवीने सांगून ठेवलं नव्हतं. त्यामुळे दोघांना खांद्याला खांदा लावून भांडावं लागलं. एकेक बोट आठवडाभर पुरलं. माग लीस्केनच्या वडिलांचा. त्यांना वाटलं, काम बारकाईने चाललंय.

"पळते कशाला पण ही?" एकदा योस्टने विचारलं. "देव आहे. दिसायलाही बरा आहे."

"त्याने आधी विचारलं होतं का?"

"विचारलं असतं तर… थांबली असती?"

"विचारून बघायचं," लीस्केन म्हणाली, आणि हिरवा समजून निळा धागा ओवला.

योस्टने हिरव्या धाग्याची कांडी तिच्यापुढे सरकवली.

अंगठीचं बोट तेवढं उरलं, तेव्हा तो बोलला. "इटलीतल्या एका ड्यूकला चेहरे विणणारा हवाय. सात वर्षं… बायको आणायची नाही, अशी अट."

"मग?"

"होकार दिलाय. इथे यायच्या आधीच."

"आणि सांगतोस आज."

"बोटं शिल्लक होती, तोवर धीर झाला नाही."

"तिकडे पानं कोण विणतं?"

"कुणीही."

"वाटलंच."

त्याने कातडीच्या रंगाच्या धाग्याची कांडी तिच्या मांडीवर ठेवली. "हे बोट तू विण. नियम मोडला तर मोडला. थांब म्हणायचा मला हक्क नाही, लीस्केन."

"नाहीच," ती म्हणाली. तो दाराशी जरा रेंगाळला. तिने मान वर केली नाही.

ती कांडी तिने वापरलीच नाही. बोटाच्या मुळापासूनच पान विणलं.

पडदा उतरला, व्यापाऱ्याच्या भिंतीवर चढला. त्या मुलीला एक बोट कमी आहे, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. लोक चेहरा बघतात. आणि चेहरा, खोटं कशाला बोला, त्याने फार सुंदर विणला होता.