खोटा पोलीस

ठकूनं मारलेलं पहिलं ढेकूळ नेमकं बिरूच्या पागोट्यावर फुटलं. दुसरं हातात तयारच होतं.

"आगं, थांब की. तात्यांनीच बोलावलंय मला, रानात मेंढरं बसवायला."

झालं! खतासाठी बोलावून आणलेला धनगर, आणि हिला वाटलं, मटकी चारून पळतोय. तेही कधी, तर सकाळीच अहिंसेची शपथ घेतलेली असताना.

बेचाळीसच्या आदलं साल, दिवाळी नुकतीच सरलेली. मार्गासनीजवळ वीसेक माणसांनी मिळून शेती मांडली होती. चूल एक, पंगत एक. सावळारामतात्या तिथं सत्याग्रह शिकवायचे. त्यांची परीक्षा दिसायला सोपी, पण जीव काढणारी. टकळीवर सूत कातत बसायचं. खोटा पोलीस शिव्या देणार, ढकलणार. हात उगारायचा नाही आणि सूत तुटू द्यायचं नाही. ठकू दोनदा नापास झाली होती. एकदा तर तिनं पोलिसाच्या टाळक्यात टकळीच हाणली. आता पुनवेला शेवटची संधी. थोरल्या भावाचा, गेनूदादाचा, वरव्याच्या घरून निरोप होता – पास झालीस तर राहा तिथं, न्हाईतर घरी चल, स्थळ बघून ठेवलंय.

तात्यांनी बिरूचं मातीनं माखलेलं पागोटं बघितलं. "मेंढरं पुनवेपर्यंत हायेत न्हवं? मग रोज घटकाभर हिचा पोलीस हो."

बिरूला कुठल्या शिव्या यायला! बराच वेळ डोकं खाजवून तो म्हणाला, "तू... तू लई आडमुठी शेळी हायेस."

ठकूला हसू फुटलं आणि सूत तुटलं.

"नीट शिव्या दे की."

"कशा देऊ? तू आशी बघतीस..."

"कशी बघते?"

बिरू मेंढरांकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून मात्र तयारीनं येऊ लागला. त्याची चुलती कोंडाबाई म्हणजे शिव्यांची खाण. तिच्याकडून चार शिकून यायचा, ठकूवर ओरडायचा, आणि मग हळूच विचारायचा, "लागलं का गं?" एकदा म्हणाला, "मेंढरू बिथरलं की म्या आधी माझा श्वास सावकाश करतो. मग ते बी निवतं." ठकूनं ते मनात बांधून ठेवलं.

पुनवेला सगळे जमले. गेनूदादाही आला. बिरू गरजला, कापसाच्या पेळूंची टोपली लाथाडली, खांद्याला धक्का दिला, सात पिढ्या उद्धरल्या. ठकूचा श्वास सावकाश चालला होता. सूत लांबत गेलं.

"बास," तात्या म्हणाले. "पास झाली पोर."

बिरूनं टोपली सरळ करून तिच्यापुढं ठेवली. "येतो म्या. उद्या कोकणात उतरायचं हाय."

फट्दिशी सूत तुटलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. तात्या खाकरले. "परीक्षा मघाशीच सरली."

ठकू उठून त्याच्याजवळ गेली. "तुझे लई उपकार हायेत बिरू. आईबापाला जमलं न्हाई ते तू केलंस, माझा राग निववलास. म्या हितं राहिले ती तुझ्यामुळं... परत कवा येशील?"

"शिमग्याला."

"शिमग्याला तर समदा गाव शिव्या देतो."

"तवा म्या न्हाई देणार. तवा दुसरं बोलायचं हाय."

"मग आत्ताच बोल की."

"आत्ता... तुझा भाऊ बघतोय."

गेनूदादानं मिशीवर हात फिरवला आणि पाठ केली.

बिरूनं खाली बघत सांगून टाकलं, "तुझ्याबिगर मला करमायचं न्हाई, ठकू."

ठकूचे डोळे भरून आले. "मला तरी कुठं करमणार हाय? पर शिमग्याला आला न्हाईस, तर ढेकूळ हाय माझ्याकडं."

"आन् अहिंसा?"

"परीक्षा मघाशीच सरली."

बिरूनं हसत पागोटं सावरलं.