ओ दे, बुढ्या

दसव्याला पत्रावळी लागणार होत्या, म्हणून शामकला आत्यानं उमेंद्रला सकाळीच पळसाची पानं आणायला धाडलं. पानं आणली, विहिरीवर पाय धुतले आणि बाराच्या उन्हात तो केशोरी गावातल्या बापाच्या घराच्या ओसरीत भिंतीला पाठ लावून बसला. बाप जाऊन सहा दिवस झाले होते. वैशाखातली हवा जागची हलत नव्हती. आंगणात मांडवाखाली शेजारचा छोटेलाल पानं टाचत होता. घरात एवढी माणसं होती, पण कोणी कोणाला हाक मारत नव्हतं.

ही त्या घराची रीतच होती. पहिल्याच दिवशी आत्यानं सगळ्यांना बजावलं होतं.

"दसवा होईस्तोवर या घरात कोनाले हाक मारायची नाही. काम असंल तं जवळ जा, खांद्याले हात लावा, सांगा."

"काऊन पण?" उमेंद्रनं विचारलं होतं.

"हाक मारली का ओ येते. कोन देते ते समजत नाही."

उमेंद्र गालात हसला होता. विज्ञानाचा मास्तर पडला ना! गोंदियातल्या एका ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा, फुलचूरला घर बांधलेलं, घरात पुस्तकांचं कपाट. पण आत्याशी वाद कोण घालणार? त्यानंही गुमान रीत पाळली. सहा दिवस माणसं एकमेकांच्या खांद्याला हात लावून कुजबुजत होती. पहिल्या दिवशी बरं वाटलं, मग त्या घरातली शांतता त्याला नकोशी झाली. ओल्या राखेचा आणि शेणसड्याचा वास नाकातून जात नव्हता. म्हणून त्यानं मोबाईल काढला.

आता या माणसाची एक खोड सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. उमेंद्र रोज दुपारी व्हिडिओंच्या खाली भांडायचा. वर्ष दोन हजार सतरा. नेट पाण्यासारखं स्वस्त झालेलं, आणि ज्याला त्याला वाटायचं की जगाला शहाणं करायचं कंत्राट आपल्यालाच मिळालंय. उमेंद्रनं नाव घेतलं होतं 'तर्ककठोर'. फोटोच्या जागी काळा चौकोन. या नावाआड बसून त्यानं किती जणांना रडवलं असेल, त्याचं त्यालाच ठाऊक.

पाच-सहा महिन्यांपूर्वी त्याला असाच एक व्हिडिओ सापडला होता. कुठल्याशा खेड्यातलं भजनी मंडळ, मधे पेटी, वीस मिनिटांचं धुरकट चित्रण. खाली 'झाडीचा बुढा' नावाच्या कोणीतरी लिहिलं होतं, "पेटीची दुसरी काळी उतरली हाय, पन वाजवनाऱ्यानं लपवली बराबर." झालं! तर्ककठोर तुटून पडला. पेटीत लपवण्यासारखं काही नसतं, भात्याची हवा पत्तीवरून जाते, पत्ती हलते, बाकी सगळा तुमचा भोळसटपणा, मुद्द्यावर या. बुढा मुद्द्यावर आला, पण आपल्या वाटेनं. हवा तं सायकलीतही रायते, मंग सायकल काऊन गात नाही, म्हणाला. पेटीवरून सुरू झालेलं भांडण तिसऱ्या दिवशी वेगळ्या विदर्भावर गेलं, आठव्या दिवशी चंद्रावर माणूस गेला की नाही यावर. अधेमधे दुसरी माणसं येत, चार शिव्या टाकून जात. हे दोघं मात्र हटले नाहीत.

एक गोष्ट उमेंद्रला फार खुपायची. कितीही लागट लिहा, बुढा चिडायचा नाही. उत्तराच्या शेवटी हटकून लिहायचा, "जेवला का बाबू?" म्हातारा मुद्दाम खिजवतो असं वाटून तर्ककठोर आणखी विखारी व्हायचा. अरे-तुरेवर तर तो दुसऱ्याच आठवड्यात आला होता.

गेल्या आठवड्यात बुढ्याची उत्तरं एकाएकी थांबली. उमेंद्रचा बाप त्याच आठवड्यात वारला, कारभारात ध्यान राहिलं नाही. आज ओसरीत बसल्या बसल्या त्याला आठवण झाली. सहा दिवसांचा कोंडलेला जीव, डोळ्यांत पाणी नाही, छातीवर धोंडा. कोणावर तरी ओरडावंसं वाटत होतं. त्यानं बुढ्याच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं, "काय रे बुढ्या, मेलास का? ओ दे!"

आत कुठंतरी टिंग झालं.

त्यानं लक्ष दिलं नाही. "पळालास ना? ओ दे," लिहिलं. पुन्हा टिंग. आता जरा मजा वाटायला लागली होती. बापाच्या सुतकात, बापाच्या ओसरीत बसून मजा! "ओ दे, बुढ्या," त्यानं तिसऱ्यांदा लिहिलं.

टिंग.

खांद्यावर हात पडला तसा तो दचकला. माय होती. धनवंताबाईचं तोंड सहा दिवसांत सुकून एवढंसं झालं होतं.

"चाल, दोन घास खाऊन घे."

"आत काय वाजून राहिलं, माय?"

"तुह्या बाबाचा मोबाईल."

उमेंद्रला हे नवीन होतं. बापाला, कुंजीलालला, त्यानं साधा बटनाचा फोनसुद्धा कधी धड वापरताना पाहिला नव्हता. आणि पाहणार कधी? दोन वर्षं बापलेकांचं बोलणं बंद होतं. फुलचूरच्या घराच्या वास्तूला कुंजीलाल केशोरीहून पेटी घेऊन आला होता, हौसेनं. पाहुण्यांत प्राचार्य बसलेले. म्हाताऱ्याचा आवाज फाटला, तसा उमेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबा, बास करा आता, बेसूर होऊन राहिलं." कुंजीलालनं पेटीला खोळ घातली आणि जेवण न करता संध्याकाळची बस धरली. त्यानंतर त्यानं फुलचूरला पाय ठेवला नाही, आणि उमेंद्रनंही कधी फोन लावला नाही. मास्तर होता ना, पहिलं पाऊल दुसऱ्यानं उचलावं!

"कधी घेतला मोबाईल?"

"दिवाळीत. छोटेलालनं शिकवलं सारं. मी चार्ज करून ठेवतो रोज. आज वाजला, तं बरं वाटलं." माय त्याच्याकडे बघून जरा हसली. "तूच तं वाजवतेस."

"मी?"

"मले का वाचता येते? तेच सांगत. म्हनत, पोरगा बोलते मायासंग. भांडते, पन रोज बोलते."

"त्यायले कसं समजलं, मी होय म्हणून?"

"तू लिवलं होतं म्हनत, पट्टी आंधळी असंल. न वाजनाऱ्या पट्टीले आंधळी म्हननारं आपलंच घर हाय, बाबू. तू लहान होतास तवा तूच नाव ठेवलं होतं. त्या दिवशी ते जेवता जेवता उठले न् साऱ्या आळीले सांगून आले, माया उमेंद्र सापडला."

हात धरून ती त्याला आत घेऊन गेली. भिंतीतल्या कोनाड्यात, कुंकवाच्या डबीशेजारी मोबाईल ठेवला होता. उमेंद्रनं उचलला. काचेवर तीन ओळी एकाखाली एक उभ्या होत्या. मेलास का. पळालास ना. ओ दे, बुढ्या.

तो खाली बसला. सहा महिन्यांतलं एकेक वाक्य त्याला आठवायला लागलं. 'तुझ्या पिढीनं आम्हाला अडाणीपणाशिवाय दिलं काय?' 'तुझ्यासारखे बेसूर म्हातारे गप बसतील तर संगीत वाचेल.' हे सगळं बापानं चष्मा लावून वाचलं होतं, आपल्या पोरानं लिहिलंय हे जाणून. आणि खाली विचारलं होतं, जेवला का. अरे, असा कसा बाप! एकदा तरी शिवी हासडायची होती. एकदा तरी म्हणायचं होतं, उम्या, लाज धर!

आता करण्यासारखं एकच उरलं होतं. या तीन ओळी तरी बापानं वाचल्या नव्हत्या. त्या पुसायच्या. बापावर फेकलेलं शेवटचं वाक्य 'मेलास का' हे राहता कामा नये. त्यानं बापाचा मोबाईल समोर जमिनीवर ठेवला, आपला हातात घेतला, आणि पहिली ओळ पुसली, दुसरी पुसली. तिसरीवर बोट ठेवलं, तेवढ्यात तिच्याखाली एक नवी ओळ उमटली.

झाडीचा बुढा: ओ.

उमेंद्र बघत राहिला. बापाचा मोबाईल त्याच्यासमोर जमिनीवर पडला होता, काच काळी. कोणी हात लावला नव्हता.

छोटेलाल! तोच असणार. खातं त्यानंच उघडून दिलं होतं. उमेंद्र ताडकन उठून दारात गेला. छोटेलाल मांडवाखाली मांडी घालून बसलेला, मांडीवर अर्धी पत्रावळ, दोन्ही हात पानांत, दातांत काडी. आजूबाजूला ऊन नुसतं उभं होतं.

उमेंद्रनं दार लावून कडी घातली, परत जागेवर येऊन बसला आणि तिसरी ओळही पुसली. त्याचं बोलावणं आता कुठंच नव्हतं. 'ओ' मात्र तशीच होती. आणि तिच्याखाली आणखी दोन शब्द आले होते.

"येऊन राहिलो."

पुण्याकडच्या माणसानं वाचलं असतं तर म्हणाला असता, कोणीतरी आलं आणि राहिलं. आपल्याकडे त्याचा अर्थ एवढाच, की वाटेत आहे, निघालो आहे. उमेंद्रला दोन्ही अर्थ ठाऊक होते, आणि त्या घडीला त्याला दोन्ही नको होते.

"काय लिवलं?" मायनं हळूच विचारलं. तिच्या तोंडावर भीतीचा लवलेश नव्हता. सहा महिने रोज दुपारी बापलेकांचं असंच चालत होतं, तिला यात नवल ते काय? "काय म्हनतत?"

उमेंद्रच्या मनात एक वेडी आशा उठली, खोटं कशाला सांगू? असेल बाबा. कुठूनही असेना, असेल. तर्कबिर्क गेला चुलीत! दोन वर्षं जे तोंडानं म्हणता आलं नाही, ते आता लिहिता येईल. रडत रडत त्यानं लिहिलं, "बाबा, मी उमेंद्र. तर्ककठोर मीच होतो. मले माफ करा."

बराच वेळ काही आलं नाही. बाहेर पानं टाचायचा आवाज थांबला होता. परसातल्या कोंबड्या गप झाल्या होत्या. घरात ओल्या चिखलाचा वास आला, जसा धानाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, रोवणीच्या दिवसांत येतो. वैशाखात बांध्या भेगाळून पडल्या होत्या, विहिरीचं पाणी तर पार तळाला गेलेलं.

मग उत्तर आलं.

"कोन उमेंद्र?"

त्यानं ते दोनदा वाचलं. बाप त्याला एका शब्दावरून ओळखून साऱ्या आळीला सांगत सुटला होता. आणि हे कोण, ज्याला नाव सांगूनही ओळख पटत नव्हती?

"माय..." तो पुटपुटला. "माय, हे बाबा नाहीत..."

पण ती जवळ नव्हती. आंगणाकडून चपलांचा आवाज आला होता, सावकाश, दमलेल्या माणसाचा, आणि ती तिकडे वळली होती. "आले वाटते," एवढंच म्हणाली. सहा दिवसांत पहिल्यांदाच तिची पावलं हलकी पडत होती. तिला थांबवायचं तर हाक मारायला हवी होती. त्यानं तोंड उघडलं, आणि हाकेला ओ कोणाची येईल या धास्तीनं तसंच मिटलं.

मायनं कडी काढली. दार उघडलं. उमेंद्रला बसल्या जागेवरून सगळं आंगण दिसत होतं. मांडव, पानांचा ढीग, छोटेलालची रिकामी जागा, आणि उन्हात कोणी नाही.

माय दारातून बाजूला झाली, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी. मग तिनं घाईघाईनं पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढला आणि मान खाली घातली. नवऱ्यापुढं तिनं सगळ्या संसारात कधी डोकं झाकलं नव्हतं. पदर ती घ्यायची तो फक्त परका माणूस घरात आल्यावर.